विचारा ताईंना : स्टुटगार्टला जाऊ की कोथरूडलाच राहू?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. मी ३४, नवरा ३७, मुलगी सहा वर्षांची, आणि सासूबाई आमच्याजवळच असतात, वय ६९, शुगर आहे त्यांना. नवरा ऑटोमोबाइलमधे आहे, त्याला स्टुटगार्टहून ऑफर आलीये, वर्षाला ६५ हजार युरो. तो म्हणतो ६५ लाख झाले की, आणि तिकडचं जीवनमान कुठच्या कुठे, जगाच्या यादीत जर्मनी पाचवा आणि आपण १३० वे. माझी आई म्हणते इथे काय कमी आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, पोळ्यांना बाई आहे, माणसं आहेत. मी हिंजवडीला जॉब करते, जायला दीड तास, यायला दीड तास, घरी येते तेव्हा मुलगी झोपलेली असते. तुम्ही अकरा वर्षं तिथे राहून परत आलात म्हणून तुम्हालाच विचारते, खरंच तिकडे लाइफ चांगलं असतं का? महिनाअखेर उत्तर द्यायचंय कंपनीला.

— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी पैशाचं बोलून घेते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज असतात आणि एकदा ६५ लाख हा आकडा डोक्यात बसला की बाकीचं काही ऐकूच येत नाही.

६५ हजार हा कापाकापीच्या आधीचा आकडा आहे. एकटा नवरा कमावणार, बरोबर बायको आणि मूल, म्हणजे त्याला टॅक्स क्लास तीन घेता येईल जो फायद्याचा असतो, तरीपण इन्कम टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, बेकारी विमा, म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा असं सगळं जाऊन हातात महिन्याला साधारण ३,७५० युरो पडतील. त्यातून घरभाडं. तिथे भाडं दोन प्रकारे सांगतात, 'थंड' म्हणजे नुसत्या जागेचं आणि 'गरम' म्हणजे हीटिंग, पाणी, जिन्यातली लाइट वगैरे धरून, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात थंडच असतं, ते बघून खूश होऊ नका. स्टुटगार्ट महाग शहर आहे, तिघांना पुरेल असं घर गरम धरून चौदाशे-सोळाशे युरोच्या खाली मिळणं अवघड. डिपॉझिट थंड भाड्याच्या तीन पटीपर्यंत. आणि घर मिळालं म्हणून आनंदाने किल्ली घेऊन आत गेलात तर कितीतरी घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती रिकामी खोली असते, भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली, ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, कारण तिकडे भाडेकरू जाताना आपला ओटा उचलून बरोबर नेतो. आम्ही पहिले तीन आठवडे बाथरूमच्या बेसिनमधे भांडी घासली आणि जमिनीवर इलेक्ट्रिक शेगडी ठेवून खिचडी केली, रोज. कुकरची शिट्टी झाली की वरचे लोक काय म्हणतील म्हणून मी घाबरायचे.

आता युरो गुणिले शंभर ह्या नवऱ्याच्या हिशोबाबद्दल. वर्ल्ड बँकवाले एक हिशोब काढतात, एका देशात जे सामान आणि ज्या सेवा एवढ्या पैशात मिळतात त्याच दुसऱ्या देशात किती पैशात मिळतात असा. त्या हिशोबाने बघितलं तर एक युरो म्हणजे आपले तीसेक रुपयेच होतात. म्हणजे हातात येणारे ३,७५० युरो हे राहणीमानाच्या दृष्टीने इथल्या लाख-सव्वा लाखासारखे. तुम्ही दोघं मिळून आत्ता महिन्याला किती आणता ते तुलाच माहीत, ते ह्याच्या शेजारी लिहून बघ. हां, जो युरो तिथे शिल्लक टाकून इकडे पाठवाल तो मात्र पूर्ण शंभराचा, त्यामुळे चार-पाच वर्षं काटकसर करून इथलं होम लोन फेडायचं असं ज्यांच्या मनात असतं त्यांचं गणित बसतं, मी अशी दोन-तीन कुटुंबं जवळून पाहिलीत.

यादीबद्दल नवरा बरोबर बोलतोय, तो युनोचा मानव विकास निर्देशांक, १९९० पासून निघतो, आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न धरून काढतात, आणि २०२५ च्या अहवालात जर्मनी पाचवा आणि भारत १३० वा होता. पण त्या १३० मधे मेळघाटातलं कुपोषित बाळही आहे आणि तुझी मुलगीही आहे. कोथरूडला स्वतःच्या फ्लॅटमधे राहणारं, दोन पगारांचं घर देशाच्या सरासरीत राहत नसतं. आणि मुलगी जागी असताना आई घरी येते का, हा रकाना त्या यादीत नाहीये. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली ओळ तीच आहे.

तर मुलीपासूनच सांगते. माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा शाळेत पोलीस आले, त्यांनी सगळ्या पोरांना रस्ता कसा ओलांडायचा ते रस्त्यावर नेऊन शिकवलं, आणि दिवाळीच्या सुमाराला ती एकटी चालत शाळेत जायला लागली. सकाळचे साडेसात, बाहेर अजून अंधार, दप्तराला चमकणाऱ्या पट्ट्या. पहिले चार दिवस मी शंभर पावलं मागे ठेवून चालायचे, तिला कळू न देता. झेब्रापाशी ती नुसती थांबली, हातसुद्धा दाखवला नाही, आणि एक भला मोठा ट्रक तिच्यासाठी उभा राहिला. ती गेली पलीकडे टुणटुणत. मी तिथेच फुटपाथवर उभी राहून रडले बघ. सहा वर्षांच्या पोरीला एवढा मान असतो रस्त्यावर हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. परत आलो तेव्हा तीच मुलगी तेरा वर्षांची, नळस्टॉपपाशी कर्वे रोड ओलांडताना माझा दंड घट्ट धरून उभी, आणि मला विचारते, आई, इथे आपण नक्की कधी निघायचं? मला उत्तर देता आलं नाही. अजून नाही येत.

असंच पाण्याचं. तिथे नळाचं पाणी सरळ ग्लासात घेऊन प्यायचो. इथे जानेवारी २०२५ मधे सिंहगड रोड आणि नांदेड गावच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या आजाराचे, पेशंट सापडायला लागले, दूषित पाण्याशी संबंध जोडला गेला, तेव्हा आमच्या सोसायटीत लोक फिल्टरचं पाणीसुद्धा उकळून पीत होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर एवढी चार धरणं डोक्याशी असलेल्या गावात उन्हाळ्यात सोसायट्यांना टँकर मागवायला लागतात ह्याचा मला खरंच राग येतो, आणि तो परत आल्यापासून जास्त येतो.

आणि वेळ! तिथे कायद्यानेच पाच दिवसांच्या आठवड्याला कमीत कमी २० सुट्ट्या द्याव्या लागतात आणि तुमच्या मेटल-ऑटो इंडस्ट्रीत जिथे युनियनचा करार लागू आहे तिथे ३० सुट्ट्या आणि आठवडा ३५ तासांचा. माझा नवरा साडेपाचला घरी असायचा. रोज. जेवण एकत्र. लोकलचे पासही परवडतात, सगळ्या जर्मनीतल्या बस, ट्राम आणि साध्या रेल्वेला चालणारा एकच पास आहे, २०२३ ला ४९ युरोत सुरू झाला, आता ६३ झालाय. गाड्या वेळेवर असतात ही मात्र ऐकीव गोष्ट, स्टुटगार्टचं मुख्य स्टेशन तर २०१० पासून खोदून ठेवलंय.

आता दुसरी बाजू, आणि ही तुझ्या नवऱ्याला पण वाचून दाखव. तिथे पोळ्यांना मावशी नाहीत, भांड्यांना नाहीत, इस्त्रीवाला नाही, दुधवाला नाही, सोसायटीचा वॉचमन नाही. जिनासुद्धा आपणच झाडायचा. स्टुटगार्टकडे ती पद्धतच आहे, केअरवोखे म्हणतात, ज्या आठवड्यात तुमची पाळी त्या आठवड्यात दाराच्या हँडलला एक छोटी पाटी अडकवलेली मिळते, मग जिना, दारासमोरचा फुटपाथ, थंडीत बर्फ, सगळं तुमच्याकडे. माझी जिना झाडायची पहिली पाळी झाली त्या संध्याकाळी खालच्या आजींनी बेल वाजवली, मला जिन्यात नेलं आणि कठड्याच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवून दाखवलं. मला फार लागलं ते. पुढच्या आठवड्यात त्याच आजी सफरचंदाचा केक घेऊन आल्या आणि पुढे सात वर्षं माझ्या मुलीला मी यायला उशीर झाला तर त्यांच्याच घरी गरम कोको मिळायचा. तर माणसं वाईट नाहीत, पण दार उघडायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि भाषा आल्याशिवाय उघडत नाही. तोपर्यंत तू घरात एकटी. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, दुपारचा चहा दिवा लावून प्यायचा. रविवारी दुकानं बंद, ड्रिल चालवायचं नाही, कुणाकडे न सांगता जायचं नाही. पहिला नोव्हेंबर मला फार जड गेला, खरं सांगते, आईला फोन करून नुसती गप्प बसायचे.

तब्येतीचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. चौथ्या हिवाळ्यात माझा नवरा बर्फावरून घसरला, पाय मोडला, ऑपरेशन, रॉड, नऊ दिवस हॉस्पिटल. आम्ही खिशातून भरले ते दिवसाला १० युरोप्रमाणे ९०. पगार सहा आठवडे पूर्ण चालू होता, तो कायदाच आहे. पण ते नऊ दिवस मी एकटी, लहान मूल घेऊन बसने ये-जा, डबा कोण देणार, रात्री कोण थांबणार. मग आम्ही परत आल्यावर इथे माझी आई बाथरूममधे पडली, खुब्याचं हाड. पाच मिनिटांत सोसायटीतल्या दोन मुलांनी खुर्चीत बसवून तिला खाली आणलं, शेजारच्या काकूंनी तीन आठवडे डबा पाठवला, आत्या येऊन राहिली. आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी डिपॉझिट भरा मग ॲडमिशन, आई स्ट्रेचरवर कण्हतीये आणि मी कार्ड स्वाइप करतीये. मेडिक्लेम अर्ध्यात संपला, एफडी मोडली.

माझ्या तिथल्या अकरा आणि परत आल्यानंतरच्या सहा वर्षांत मला जे समजलं ते एवढंच की तिथे मोठ्या संकटाला सिस्टिम उभी असते आणि रोजच्या बारीकसारीकाला तुझे दोन हात, आणि इथे बारीकसारीकाला माणसं असतात पण मोठं काही आलं की ज्याची त्याची एफडी. कुणाला कशाची जास्त गरज आहे हे घरागणिक वेगळं, वयागणिक पण वेगळं. (आणि इथली जी माणसं आपल्या हाताखाली असतात, त्या पोळ्यांच्या मावशींना विचारलं तर त्यांच्या मुलीसाठी त्या फुकट शाळा आणि फुकट हॉस्पिटलवाला देशच निवडतील, हेही मला विसरता येत नाही.)

शाळेचं थोडक्यात. सरकारी शाळेला फी नाही आणि सगळे तिथेच जातात, सहा वर्षांचं मूल म्हणजे वय अगदी योग्य, भाषा सहा-आठ महिन्यांत उचलते. चौथीनंतर मात्र मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते, त्यामुळे जायचंच तर आत्ता, मुलगी नऊ-दहाची झाल्यावर नको.

तुझा जॉब. नवऱ्याला ब्लू कार्ड, म्हणजे कुशल नोकरदारांचं परमिट, मिळालं तर तुला पहिल्या दिवसापासून नोकरी करायची परवानगी असते, पण परवानगी असणं आणि नोकरी मिळणं ह्यात जर्मन भाषा आडवी येते. मॅक्सम्यूलर भवनला आत्ताच चौकशी कर, ऑफर घ्या किंवा न घ्या. आणि राजीनामा देऊ नकोस, सहा महिने बिनपगारी रजा किंवा तिथून काम करता येईल का हे लेखी विचार.

आता तू विचारलंच नाहीस ते. सासूबाई. तुझ्या पत्रात त्या एका ओळीत आल्या, वय ६९ आणि शुगर, आणि त्यांना काय वाटतं हे कुठेच नाही. त्यांना कायमचं तिथे नेणं किती कठीण आहे ते शेवटच्या उत्तरात लिहिलंय, ते वाच. म्हणजे तुम्ही गेलात की त्या फ्लॅटमधे एकट्या. माझं स्पष्ट मत देते. पुण्यात त्यांची मुलगी, बहीण, कुणीतरी अगदी चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असेल आणि त्यांची स्वतःची तयारी असेल तर जा, तीन वर्षांचं ठरवून जा, मुलीसाठी आणि तुझ्या संध्याकाळींसाठी जा, तुमच्यासाठी ते चांगलंच होईल. तसं कुणी नसेल तर जाऊ नका. मग ऑफिसजवळ, वाकड-बाणेरला भाड्याने घर घ्या आणि कोथरूडचं भाड्याने द्या, कारण तुझं निम्मं दुखणं हिंजवडीच्या रस्त्याचं आहे आणि त्याला जर्मनीचाच इलाज लागतो असं नाही. सासूबाईंना हे तू विचार, नवऱ्याला नको विचारू देऊस. मुलासमोर त्या "मला काय, तुम्ही सुखी राहा" एवढंच म्हणतील. संध्याकाळी तुम्ही दोघीच असताना, भाजी निवडत असताना विचार, आणि मग गप्प बस थोडा वेळ.

प्रश्न : ताई, मी तीन वर्षं जर्मनीत काम करून परत आलोय. तिकडे पगारातून पेन्शनचे एवढे पैसे कापले ते बुडाले का?

— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : नाही रे, बुडाले नाहीत. भारत आणि जर्मनीमधे सामाजिक सुरक्षेचा करार आहे, मे २०१७ पासून लागू. पाच वर्षं भरली की तिथल्या पेन्शनचा हक्क तयार होतो आणि ती इथे बसून मिळते, आणि पाच वर्षं मोजताना करारामुळे इथली पीएफची वर्षंही धरता येतात. तुझी तीनच झालीत, तर देश सोडल्याला दोन वर्षं पूर्ण झाल्यावर तुझा स्वतःचा हिस्सा परत मागता येतो, कंपनीचा हिस्सा मिळत नाही. दोन्हीतलं एकच करता येतं, एकदा पैसे काढले की ती तीन वर्षं पुसली गेली, त्यामुळे पुन्हा जायचा विचार असेल तर काढू नकोस. विमा नंबर असलेलं पत्र आणि सगळ्या पगाराच्या स्लिपा जपून ठेव. माझ्या ओळखीतल्या एकाने सामान आवरताना ती फाइलच टाकून दिली आणि नंतर वर्षभर ईमेल करत बसला.

प्रश्न : वय ७२, मी आणि सौ. सदाशिव पेठेत राहतो. मुलगा म्युनिकला आहे, नोकरी चांगली, आता म्हणतो तुम्ही दोघं कायमचे या. इथला फ्लॅट विकून टाकू म्हणतो. तिथे आमच्या वयाच्या माणसांचं जीवन कसं असतं?

— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, नमस्कार. मुलाला तुमची काळजी आहे हे दिसतंच आहे, पण घाई करू नका. पहिली गोष्ट नियमाची. ज्यांचं ब्लू कार्ड किंवा तसलं कुशल कामाचं परमिट १ मार्च २०२४ ला किंवा नंतर पहिल्यांदा निघालं, त्यांनाच नव्या कायद्याने आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना राहायला बोलावता येतं. मुलगा त्याआधीपासून तिथे असेल तर ते दार जवळजवळ बंदच, फार मोठी आपत्ती असल्याशिवाय परवानगी देत नाहीत. नव्या कायद्यात बसला तरी तुमचा सगळा खर्च त्याने उचलायचा आणि तुमचा पूर्ण हेल्थ इन्शुरन्स दाखवायचा. खरी अडचण तिथेच आहे. मुलांना आईवडिलांच्या विम्यात धरतात पण आईवडिलांना मुलाच्या विम्यात धरत नाहीत, आणि सत्तरीनंतर बीपी-शुगर असताना खाजगी विमा मिळणं फार कठीण, मिळाला तर हप्ता ऐकून मुलाचीच झोप उडेल.

दुसरं रोजच्या जगण्याचं. बागा सुंदर, हवा स्वच्छ, बसमधे तरुण मुलं उठून जागा देतात. पण सकाळी पर्वती चढून आल्यावर कट्ट्यावर जे चौघं भेटतात ते तिथे नाहीत. मुलगा-सून दिवसभर कामावर, नातवंडं आपसात जर्मन बोलणार. माझे सासरे आमच्याकडे आले होते तेव्हा रोज अकरा वाजता कोट-टोपी घालून बसस्टॉपवर जाऊन बसायचे, कुठे जायचं नसायचं, नुसते बसायचे. दीड महिन्यात म्हणाले, मला तिकीट काढून दे.

तर आधी व्हिजिटर व्हिसावर जाऊन बघा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, निदान ३० हजार युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते वाचून घ्या कारण बहुतेक पॉलिसीत धरलेले नसतात. मे ते जुलै जा, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, काकूंनाही फिरता येईल. पुढच्या वर्षी एकदा मुद्दाम जानेवारीत जा, तीन आठवडे का होईना. दोन्ही ऋतू बघून झाल्यावर दोघं बोला. तोपर्यंत फ्लॅटच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, मुलाने कितीही प्रेमाने पुढे केला तरी.